गाठीला आवाज नसतो

टोपच्या अलीकडं, बंद पडलेल्या खाणीच्या कडेनं
जिन्नाप्पा मगदूम चालतो
आपणच जोडलेल्या यंत्राची थाळी
गवताच्या वीतभर वर धरून,
सुपानं पाखडावं तसा, डावीकडून उजवीकडं.
छत्तीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढली त्यानं,
कान अर्धे तिथंच ठेवून आला.
उरलेले अर्धे आता हेडफोनात.

मी मागून. हातात खुरपं, कमरेला पिशवी.
मला आणलंय कारण मला बटणं कळतात.
महाद्वार रोडच्या बोळात काज-बटण करते मी,
एका शर्टाला सात.
आजवर किती झाली
ते मोजणारं यंत्र अजून कुणी जोडलेलं नाही.

पी.
गुटख्याची पुडी.
पी.
बाटलीचं झाकण.
पी पी. पहारीचं मोडकं टोक,
ते त्यानं हातात तोललं, म्हणाला, "पाणी चांगलं दिलं होतं,"
आणि परत मातीत ठेवलं.

मग एक बारीक आवाज, तापल्या तव्यावर थेंब पडावा तसा.
चार बोटं खोल, पितळेचं बटण.
थुंकी लावून अंगठ्यानं पुसलं. मागं कान.
"मुकादमाच्या कोटाचं," मी म्हणाले.
"कशावरनं?"
"कान बघा, एका अंगानं झिजलाय.
हे पोटावरचं बटण. पोट सुटलं होतं."
जिन्नाप्पानं आपल्या पोटाकडं बघितलं.

पुढं गॅलिसची चिमटी, कुण्या साहेबाची.
पट्ट्याचं बक्कल, जीभ नसलेलं.
आणि एक पत्र्याचं बटण, चार भोकांचं,
भोकांतनं दोरा नव्हे, तांब्याची तार.
सुरुंगाची तार.
ज्याच्यापाशी सुई नव्हती
त्यानं डोंगर फोडायच्या तारेनं
चड्डी राखली होती.
त्यावर मी काही बोलले नाही.
टाका मात्र बघितला. फुलीचा होता, नीट.

खाणीच्या पलीकडं, उंबराखाली,
खडीचा थर आहे अजून, मुठीएवढ्या कपच्यांचा.
तिथं यंत्र मुकं.
त्यानं बटण फिरवलं, आवाज वाढवला,
आडवं चाललं, उभं चाललं.
"इथं कोण नव्हतं," जिन्नाप्पा म्हणाला.

होत्या.
खळगे दिसत होते मला, एका ओळीत,
बसून बसून पडलेले, प्रत्येकापुढं एक ऐरणीचा दगड.
आईनं माझ्या गगनबावड्याच्या रस्त्याची खडी फोडली.
चोळीला छातीखाली गाठ.
लुगड्याला गाठ, ओचा, कासोटा.
पोराच्या झोळीला गाठ, भाकरीच्या फडक्याला गाठ,
पैसे असलेच तर पदराला गाठ.
एक टाचणी नाही अख्ख्या बाईत.
"जोडवी तरी?" त्यानं विचारलं.
जोडवं पडलं असतं तर
दिवेलागणीपर्यंत शोधलं असतं तिनं, कपची कपची उलटून.
बटणासाठी मुकादम वाकला नसेल.
हरवायची ऐपत होती
त्यांचंच सापडतंय आपल्याला.

एवढं सांगून मी खुरपं घेऊन वाकले
आणि थाळी वाजली.
जिन्नाप्पा गुडघ्यावर आला, "थांब, हलू नको!"
मी हलले, आवाज हलला.
मी मागं सरले, आवाज मागं.
माझ्या पोलक्याचे हूक होते ते. पाच.
म्हातारा लाजून तिसरीकडंच बघायला लागला.
मग हसलो दोघंही, तो जरा जास्त,
त्याला आपलं हसू ऐकू येत नाही म्हणून.

बॅटरी संपत आली तसं त्यानं यंत्र मिटलं.
बटणं चिंचेत टाकायची होती, घरी चिंच नव्हती,
शिरोलीपर्यंत चालायचं होतं.
"पाच मिनिटं," म्हणाले,
आणि कडेच्या एका खळग्यात बसून बघितलं.
मापाचा निघाला.
कमरेत थोडा सैल.